मांडीवरची लांब रेघ

वजन उतरलं की लोक कौतुक करतात. जुने फोटो काढून बघतात, "ओळखूच आली नाहीस" म्हणतात, काय खाल्लंस, काय सोडलंस ते विचारतात. वजन गेल्यावर मागे जी कातडी उरते तिची चौकशी मात्र कुणी करत नाही, आणि जिच्या अंगावर ती असते तीही आपण होऊन सांगत नाही. पोटाची सैल कातडी निदान बोलण्यात तरी येते. मांड्यांची येत नाही. ती अशा जागी असते की डॉक्टरांना दाखवायची म्हटली तरी आधी दार नीट लागलंय ना ते बघितलं जातं.

माझ्या धाकट्या बहिणीने थाय लिफ्ट करून घेतली. मांड्यांची जादा कातडी काढून उरलेली वर ओढून, घट्ट करून शिवायची, अशी ही शस्त्रक्रिया. डॉक्टरांच्या पहिल्या भेटीपासून जखमा पूर्ण भरेपर्यंत मी तिच्याबरोबर होते. तोवर आम्ही दोघींनी या विषयावर जे जे पाहिलं होतं त्यात एक आधीचा फोटो असायचा आणि एक नंतरचा. मधले महिने कुठेच नव्हते. शस्त्रक्रिया करायची की नाही हे ठरवताना त्या मधल्या महिन्यांकडेच सगळ्यात जास्त वेळ बघायला हवं असं आता माझं पक्कं मत आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण तिच्यावरून मी अनेकांशी वाद घातला आहे. "व्यायाम कर, आपोआप घट्ट होईल" हा सल्ला बहिणीला इतक्यांनी दिला की ती तो ऐकून गप्प बसायला शिकली होती. व्यायामाने स्नायू वाढतात, त्यामुळे मांडी थोडी भरीव दिसते. कातडी आखडत नाही. त्वचेतली कोलॅजन आणि इलॅस्टिनची तंतूंची जाळी वर्षानुवर्षं ताणली गेली की ती सैल पडलेल्या लोकरीच्या विणकामासारखी होते, मूळ मापावर येत नाही. वय, आनुवंशिकता, गरोदरपण, आणि किती किलो किती वर्षं अंगावर होते, यावर ते अवलंबून असतं. मांडीच्या आतल्या बाजूची कातडी मुळात पातळ, त्यामुळे तिथे हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त दिसतं. यात आळस कुठे आला? बेरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोटावर करतात त्या शस्त्रक्रियेनंतर बहिणीने वजन उतरवलं होतं, पहाटे उठून धावायला शिकली होती, आणि त्या धावण्यातच तिला ही कातडी आडवी येत होती. प्रत्येक पावलाला ती हलायची, ओढली जायची. एकावर एक दोन घट्ट शॉर्ट्स घालून ती धावायची. घरी आल्यावर मांड्या आतून सोललेल्या असत. घाम साचून बुरशीचे लाल चट्टे उठत, मलमाने जात आणि पुन्हा येत. पँट मांडीच्या मापाची घेतली की कमरेत ढगळ व्हायची. हा सगळा त्रास सोसणाऱ्या बाईला "हे तर नुसतं दिसण्यासाठी" असं म्हणणाऱ्यांनी एकदा उन्हाळ्यात तिच्याबरोबर चालून बघावं.

पहिल्या भेटीत सर्जनबाईंनी सौंदर्याविषयी अवाक्षर काढलं नाही. गेल्या सहा महिन्यांत वजन किती हललं ते विचारलं. वजन किमान सहा महिने एका जागी ठरलेलं हवं, आणि बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण 12 ते 18 महिने जाऊ द्यायचे, हा नियम त्यांनी समजावून सांगितला. नंतर वजन आणखी उतरलं तर कातडी पुन्हा लोंबणार, वाढलं तर व्रण ताणला जाणार. मग त्यांनी मांड्या, पोटऱ्या, पावलं दाबून पाहिली. दाबल्यावर दुखतं का, जरा लागलं की काळंनिळं होतं का, घरात आणखी कुणाचे पाय असे आहेत का, असं विचारत राहिल्या. लिपेडेमा नावाचा एक आजार असतो. त्यात दोन्ही पायांवर सारखी, दुखरी चरबी साठते आणि पावलं मात्र सडपातळ राहतात. अनेकींना तो असतो आणि वर्षानुवर्षं त्यांना "खाणं कमी करा" एवढंच सांगितलं जातं. त्याचे उपचार वेगळे. नुसती कातडी कापून तो सुटत नाही, म्हणून ही तपासणी आधी. सूज लसीकावाहिन्यांच्या, म्हणजे अंगात साचणारं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या, बिघाडाने आहे का, हेही तेव्हाच बघायचं असतं.

रक्ताच्या तपासण्या आल्या आणि तारीख पुढे गेली. लोह कमी, प्रथिनंही कमी. बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर हे फार जणांच्या बाबतीत होतं, कारण खाणंही कमी असतं आणि शोषणही. जखम भरायला शरीराला प्रथिनं लागतात, लोह लागतं, बी-12 लागतं. ते नसेल तर टाके कितीही सुबक घातले तरी कडा जुळत नाहीत. त्या दिवशी बहीण रडली. मला मात्र त्या डॉक्टरांविषयी विश्वास वाटला तो तिथून पुढे. तारीख पुढे ढकलायची तयारी नसलेल्या सर्जनकडे ही शस्त्रक्रिया करू नये, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगते. तंबाखूचंही तसंच. आधी आणि नंतर किमान चार ते सहा आठवडे निकोटिन कुठल्याही रूपात नको. त्यात व्हेप म्हणजे ई-सिगारेट आली, निकोटिनचं च्युइंगमही आलं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि टाक्यांजवळची कातडी रक्ताविना मरू शकते.

आता छेदांविषयी. इथे जरा थांबते, कारण सगळा पश्चात्ताप किंवा समाधान बहुतेक इथेच ठरतं.

बहिणीला लहान व्रण हवा होता. कुणाला नको असतो? जांघेच्या घडीत लपणारी एक रेघ, तीही अंतर्वस्त्राखाली. अशी शस्त्रक्रिया असते, पण मांडीच्या अगदी वरच्या भागातच थोडी सैल कातडी असेल तर ती उपयोगाची. सर्जनबाईंनी तिला आरशासमोर उभं केलं आणि स्वतःच्याच हाताने कातडी जांघेकडे वर ओढायला सांगितली. वरचा भाग जरा ताणला गेला, गुडघ्याजवळचं लोंबणं जसंच्या तसं. मग म्हणाल्या, "आता मांडीच्या आतल्या बाजूला पुढून-मागून चिमटीत धरा." तिने धरलं आणि जांघेपासून गुडघ्यापर्यंत अख्खी मांडी एकदम आवळली. तिच्या मांडीची जादा कातडी घेरात होती, लांबीत नव्हती. ती काढायची तर जांघेतल्या आडव्या छेदाबरोबर उभा छेदही हवा, जांघेपासून गुडघ्याच्या आतल्या बाजूपर्यंत. खूप वजन उतरलेल्या बहुतेकांना तोच लागतो. बाहेरच्या बाजूची मांडी आणि नितंब सैल असतील तर छेद कमरेभोवती जातो, ती आणखी मोठी शस्त्रक्रिया.

लहान व्रणाच्या मोहाने अपुरी शस्त्रक्रिया करून घेण्यापेक्षा लांब व्रणाची पुरेशी करावी, किंवा मग करूच नये, असं मला वाटतं. व्रण कालांतराने फिकट होतो. अपुरी राहिलेली सैल कातडी मात्र तशीच लोंबत राहते, वर लहान का होईना व्रण असतोच.

या व्रणाला इतिहास आहे आणि तो वाचून मला बऱ्याच गोष्टी उमगल्या. वैद्यकीय लिखाणात थाय लिफ्टचा उगम म्हणून 1957 सालचं लुईस यांचं वर्णन सांगितलं जातं. 1964 मध्ये ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूसाठी शस्त्रक्रिया मांडली. पण आतल्या बाजूचं दुखणं बराच काळ सुटत नव्हतं. कातडीला कातडी शिवली की मांडीच्या वजनाने ती खाली ओढली जायची, घडीत लपवलेला व्रण सरकून उघड्यावर यायचा, आणि ओढ दुसऱ्या बाजूलाही बसत असल्यामुळे स्त्रियांच्या योनीमुखाचा आकार फाकला जायचा. हा त्रास दिसण्याचा कमी आणि शरीराचा जास्त. 1988 मध्ये अमेरिकेतल्या टेड लॉकवूड यांनी उपाय मांडला. जांघेच्या आत खोलवर कोलीज फॅशिया नावाचा चिवट पडदा असतो, त्यालाच मांडीची कातडी आतून टाक्यांनी अडकवायची, म्हणजे भार त्या पडद्यावर येतो. आजही सर्जन त्या तत्त्वावर काम करतात. धोका कमी झाला आहे, संपलेला नाही. म्हणून "माझी कातडी आत कशाला अडकवणार?" आणि "आकार ओढला जाण्याची शक्यता किती?" हे प्रश्न लाज बाजूला ठेवून विचारायचेच. बहिणीने विचारले. तिचा आवाज कापत होता, पण विचारले.

शस्त्रक्रियेच्या सकाळी पेनने खुणा करतात त्या उभं राहूनच, कारण आडवं झाल्यावर कातडी वेगळीच पसरते. अंगावर फारसं काही नसताना, पाय थोडे अंतरावर ठेवून, बराच वेळ तसं उभं राहावं लागतं. हे आधी माहीत असलेलं बरं. सोबत एक परिचारिका असावी असा आग्रह धरावा. पुढे भूल, बहुधा संपूर्ण, आणि दोन-तीन तास. जास्त काम असेल तर जास्त. आधी लायपोसक्शनने, म्हणजे नळीने ओढून, चरबीचा थर कमी करतात आणि मग वरवरच्या थरातूनच कातडी काढतात. त्याचं कारण असं की मांडीच्या आतल्या बाजूने एक मोठी शीर आणि तिच्या सोबतीने लसीकावाहिन्या वर जातात. त्या दुखावल्या तर पायाला कायमची सूज येऊ शकते. थोडं कापायचं, लगेच तेवढं शिवायचं, मग पुढे जायचं, अशा टप्प्यांनी काम चालतं. सगळं एकदम कापलं आणि मधेच सूज आली तर कडा जुळणार नाहीत.

संध्याकाळी तिला उठवून चालवलं. तिला ते क्रूर वाटलं आणि मलाही. पण पायांच्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी ही सगळ्यात गंभीर भीती असते. पोटरीत झालेली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. त्यासाठीच लवकर चालवतात, पोटऱ्यांना आवळून सोडणारे पट्टे लावतात, ज्यांना धोका जास्त त्यांना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं देतात. गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोन चालू असतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगायचं तेही याच कारणाने.

आणि मग घर. कॉम्प्रेशन गारमेंट, म्हणजे मांड्या दाबून धरणारा घट्ट कपडा, चार ते सहा आठवडे, जवळजवळ दिवसरात्र. पहिले काही दिवस कातडीखालचं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या, त्यांची नोंद वहीत. निजायचं पाठीवर, गुडघ्यांखाली उशी. उठताना गुडघे एकमेकांना चिकटवून कुशीवर वळायचं. मोटारीत आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, पाय फाकतील असं काहीच करायचं नाही. शरीराच्या दुसऱ्या कुठल्या जखमेला आपण विश्रांती देऊ शकतो. मांडीची जखम उठताना, बसताना, शौचाला जाताना, कूस बदलताना कामावरच असते. त्यात जांघेची जागा ओलसर आणि जंतूंना जवळची. शौचानंतर पुढून मागे पुसायचं, मग धुऊन, हलक्या हाताने टिपून कोरडं करायचं, घडीत स्वच्छ कापडाची पट्टी ठेवायची. दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो आणि जोर लावला की टाके ताणतात, म्हणून त्याचीही तजवीज पहिल्या दिवसापासून.

हे सगळं एकटीने होत नाही. सुरुवातीचा आठवडाभर तरी घरात असं माणूस हवं ज्याच्यासमोर उघडं व्हायला संकोच वाटणार नाही. हे माणूस कोण, ते तारीख घेण्याआधी ठरलेलं असावं.

तिसऱ्या आठवड्यात तिची जखम उघडली. जांघेतला आडवा छेद आणि मांडीवरचा उभा छेद जिथे मिळतात, तिथे. नखाएवढी फट, आत लालसर ओलं. तिने "ताई" म्हणून हाक मारली तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. सर्जनबाईंना मात्र आश्चर्य वाटलं नाही. या शस्त्रक्रियेत सगळ्यात जास्त आढळणारी अडचण हीच, आणि ती बहुधा याच जोडावर येते, कारण तिथे ओढ जास्त आणि रक्तपुरवठा कमी. हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं. पुन्हा टाके घातले नाहीत. उघडलेली जखम वरून बंद केली तर जंतू आत कोंडले जातात, म्हणून ती तळापासून भरू द्यायची. रोज धुवायची, ड्रेसिंग करायचं, वाट बघायची. ते ड्रेसिंग मी करायचे. तिला न दुखावता चिकटलेली पट्टी कशी सोडवायची ते मला हळूहळू जमलं.

त्या आठवड्यांत ती फार खचली होती. सूज इतकी होती की मांड्या पहिल्यापेक्षा जाड दिसत. "एवढं करून काय मिळवलं मी?" असं ती म्हणायची. हा उतार बऱ्याच जणींच्या वाट्याला येतो. दुखणं, झोपेची मोडतोड, परावलंबन आणि आरशात दिसणारं सुजलेलं, काळंनिळं अंग, हे सगळं एकाच वेळी येतं. तो येणार आहे हे आधी ठाऊक असेल तर माणूस त्यात बुडत नाही, एवढं मी पाहिलं.

काही खुणा दिसल्या तर मात्र वाट बघायची नाही. एकाच पोटरीत दुखणं किंवा सूज, अचानक धाप, छातीत कळ, असं झालं तर तडक रुग्णालय. एक मांडी एकाएकी फुगून टणक झाली तर आत रक्त साठलेलं असू शकतं. ताप, पसरत जाणारी लाली, दुर्गंधी, पू दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. मऊ, डुचमळणारा फुगवटा आला तर बहुधा कातडीखाली पाणी साठलेलं असतं. ते सुईने काढतात, कधी एकाहून जास्त वेळा.

सहा आठवडे जड काम नको, धावणं नको, हा नियम बहिणीला जाचक वाटायचा. मला तो पटला एका आकड्यामुळे. तिसऱ्या आठवड्यात जोडलेल्या कातडीत मूळ ताकदीच्या जेमतेम पाव हिस्सा ताकद असते. पुढे काही महिन्यांत ती वाढते, पण सुमारे 80 टक्क्यांच्या पलीकडे कधीच जात नाही. बसून करायचं काम दोन-तीन आठवड्यांनी बहुतेकांना जमतं, जखम उघडली तर उशिरा. सूज तीन ते सहा महिने कमी होत राहते, संध्याकाळी घोट्यांत उतरते. व्रण आधी लाल, कडक, खाजरा होतो आणि मग 12 ते 18 महिन्यांत मवाळ पडतो. सावळ्या कातडीवर तो जास्त काळा पडू शकतो, कुणाकुणाचा जाड होतो. अंगावर पूर्वी कुठे केलॉइड, म्हणजे जखमेच्या बाहेर वाढत जाणारा जाड व्रण, झाला असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगायला हवं. सिलिकॉनची जेल, हलका मसाज आणि ऊन टाळणं याने मदत होते.

काय होत नाही तेही सांगायला हवं. मांडीवरचे खळगे, ज्याला सेल्युलाइट म्हणतात, ते जात नाहीत. दोन्ही मांड्या हुबेहूब सारख्या होत नाहीत. खूप वजन उतरलेल्यांची कातडी वर्षभरात थोडी पुन्हा सैलावते, कारण तिचा पोतच बदललेला असतो. आतल्या बाजूला काही जागी बधिरपणा राहतो. बहिणीच्या उजव्या गुडघ्याच्या वर अजून आहे. आणि ज्यांना स्वतःच्या शरीराचा सतत, दिवसभर, असह्य तिटकारा वाटतो त्यांचा तो शस्त्रक्रियेने शमत नाही, नुसता दुसऱ्या अवयवावर सरकतो. त्यांना आधी मानसोपचारांची गरज असते, आणि चांगले सर्जन ते ओळखून तसं सांगतात.

सर्जनबाईंनी पहिल्या भेटीच्या शेवटी एक प्रश्न विचारला होता: "हे झाल्यावर तुम्हाला काय करायचंय, जे आत्ता करता येत नाही?" बहीण क्षणात म्हणाली, "धावायचंय." असं हातात धरता येईल असं उत्तर ज्यांच्याकडे असतं त्यांना ही शस्त्रक्रिया बहुधा समाधान देते. तिला दिलं. आता ती एकच शॉर्ट्स घालून धावते, चट्टे उठत नाहीत, आणि मांडीवरची लांब रेघ लपवण्यासाठी ती काही खास करत नाही.

तिच्या ओळखीतून एकीने नुकतंच विचारलं, करू का म्हणून. बहिणीने तिला आपला आत्ताचा फोटो दाखवला नाही. मोबाइलमधून तिसऱ्या आठवड्यातले काढले, उघडलेल्या जखमेचे, सुजलेल्या मांड्यांचे, आणि तिच्यासमोर ठेवले. मग प्रश्नांची यादी दिली: प्लास्टिक सर्जरीचं रीतसर शिक्षण आहे ना, वर्षभरानंतरचे व्रणासकटचे फोटो दाखवतील का, रुग्णालयात अतिदक्षता विभाग आहे ना, जखम उघडली किंवा दुसऱ्यांदा दुरुस्ती लागली तर ती कोण करणार आणि तिचा खर्च कुणाचा. त्या मैत्रिणीने फोटो बराच वेळ पाहिले. म्हणाली, आधी वजन स्थिर होऊ दे, लोह तपासून घेते, मग बघते.